उजनीत गेलेलं जुनं गावठाण, मेटल डिटेक्टर आणि जुनी नाणी : कोणी केलंय का हे?

उजनीकर_हडपसर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळाय, कुठल्या विभागात टाकावा कळेना म्हणून इथेच टाकतो. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनी धरणात गेलेलं. वडील तेव्हा शाळेत होते, सगळं गाव उठवून वर माळावर प्लॉट दिले, मग तिथून नोकरीपायी पुणे, आता हडपसर. पण दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं गाव वर येतं, पळसदेवचं देऊळ वर आल्याचे फोटो पेपरात येतात ना तसंच, फक्त आमच्याकडे फोटो काढायला कोणी येत नाही. आमच्या वाड्याचं जोतं, समोरचा पार, आडाचं तोंड सगळं ओळखू येतं, वडील काठीने दाखवतात इथे बळद (धान्याचं कोठार) होतं, इथे गोठा.

तर झालंय असं की माझा मामेभाऊ ओहायोत असतो आणि त्याला मेटल डिटेक्टरचा भयंकर नाद आहे. तिकडे दोनशे वर्षांपूर्वी जे पहिले शेतकरी येऊन राहिले त्यांच्या पडक्या घरांच्या जागा जुन्या नकाशांवरून हुडकायच्या, शेतमालकाला विचारायचं आणि सुट्टीभर हेडफोन लावून फिरायचं. बटणं, शिशाच्या गोळ्या, तांब्याचे मोठाले सेंट असलं काय काय मिळतं त्याला. दिवाळीत आला तेव्हा स्वतःचं जुनं मशीन मला देऊन गेला, म्हणाला तुमच्या गावात तर हजार वर्षं माणसं राहतायत, तुला काय कमी.

आता मे महिन्यात वाड्याच्या जोत्यावर आणि आजूबाजूला फिरवायचा विचार आहे. आजी सांगायची की उठताना घाईत बरंच काही राहिलं. सोन्याचा हंडा वगैरे काही डोक्यात नाहीये, एखादी शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं), ढब्बू पैसा मिळाला तरी फ्रेम करून वडिलांना देईन. कायदेशीर भानगड काय आहे? आपल्या काळ्या मातीत ही मशीन चालतात का? एक मित्र म्हणतो मशीन कशाला, मोबाईलवर फुकट अ‍ॅप मिळतं. आणि मिळालंच काही तर दाखवायचं कुणाला पुण्यात?

डबल_कटिंग

हंडा सापडला की इथल्या सगळ्यांना मिसळ. पायाळू माणूस (पायाकडून जन्मलेला, त्याला गुप्तधन दिसतं म्हणतात) पाहिजे असेल तर मी आहे, आईला विचारून कन्फर्म करतो.

तांब्याचा_पैसा

डबल_कटिंग, पायाळूचा जोक इथे ठीक आहे पण बाहेर करू नका, गुप्तधनाच्या नादात नरबळीपर्यंत गेलेली प्रकरणं आपल्या राज्यात झालीयेत, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही आला.

उजनीकर, मी नाणी गोळा करतो, पेठेत राहतो, बरीच वर्षं झाली या नादात, म्हणून कायद्याचं जरा सविस्तर लिहितो कारण यावर लोक वाट्टेल ते सांगतात.

सगळ्यात जुना आणि अजून लागू असलेला कायदा म्हणजे १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट. जमिनीत दडलेली कुठलीही किमती वस्तू म्हणजे ट्रेझर, आणि किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, किती, कुठे, कधी, आणि वस्तू सरकारी ट्रेझरीत जमा करायची किंवा मागितल्यावर हजर करण्याचा जामीन द्यायचा. हो, दहाच रुपये, १८७८ चे दहा रुपये आजही तसेच आहेत त्यामुळे एक धड शिवराईसुद्धा त्यात बसते. मग कलेक्टर जाहीर नोटीस काढतो, चार ते सहा महिन्यांच्या मुदतीनंतरची तारीख देतो, कोणाचा दावा असेल तर त्याने यायचं. कोणीच आलं नाही आणि सापडणारा आणि जागेचा मालक यांचं आपसात ठरलेलं नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेलं मालकाला. सरकारला स्वतःकडे ठेवायचं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतं. धातूची किंमत हां, बाजारातली नाण्याची नाही, इथेच सगळ्यांचा उत्साह मावळतो. न कळवता खिशात घातलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

तुझ्या केसमध्ये मजेशीर भाग असा की वस्तू शंभर वर्षांच्या आत पुरलेली दिसत असेल आणि तुझ्या आजोबा-पणजोबांनी ठेवलेली आहे असं तुला म्हणायचं असेल तर दिवाणी कोर्टात हक्क सिद्ध करायला वेळ मिळतो. पण जमीन? ती संपादनात गेली, तुमच्या घराला मोबदला मिळाला तेव्हाच ती सरकारची झाली. वडिलांना काठीने बळद दाखवता येतं याचा सातबाऱ्याशी संबंध राहिलेला नाही. सरकारी जमिनीत विना परवानगी खड्डे काढणं हा वेगळाच विषय.

दुसरं म्हणजे १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं ही पुरावस्तू. घरात ठेवायला हरकत नाही पण देशाबाहेर न्यायचं नाही, त्याला सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे. म्हणून मामेभावाला आत्ताच सांगून ठेव, आठवण म्हणून एक नेतो असं एअरपोर्टवर चालणार नाही.

आणि किल्ले, लेणी, शनिवारवाडा, पाताळेश्वर, अशा कुठल्याही संरक्षित जागी मशीन घेऊन जायचं नावच काढू नका. तिथे परवान्याशिवाय खणणं हा सरळ गुन्हा आहे. गडांवर रात्री जाऊन खड्डे पाडणाऱ्या टोळ्यांनी काय वाट लावलीये ते ट्रेक करणाऱ्या कुणालाही विचारा, चांगल्या जोत्याच्या मधोमध कमरेएवढा खड्डा आणि शेजारी लिंबं.

औंध_टू_खडकी

मधेच विचारतो, पुण्यातच कुठे फिरवता येईल का? खडकीची लढाई इथेच झाली ना, गणेशखिंडीच्या बाजूला मोकळी जागा बरीच आहे.

तांब्याचा_पैसा

५ नोव्हेंबर १८१७, हो, आजचं विद्यापीठ ते खडकी असा तो सगळा टापू. पण त्यातली बरीच जागा लष्कराची नाहीतर विद्यापीठाची. लष्कराच्या जागेत मशीन घेऊन फिरलात तर नाणं मिळायच्या आधी जवान मिळेल. आणि कॅम्पच्या जुन्या गोळीबाराच्या जागांवर जमिनीत काय पडलंय याचा भरवसा नसतो, शिशाची गोळी निघाली तर ठीक, न फुटलेलं काही निघालं तर हात लावायचा नाही, लांब होऊन पोलिसांना फोन. थोडक्यात, नको.

बर्फातला_बाजीराव

मी पेनसिल्व्हेनियात असतो, मूळचा कोथरूडचा. उजनीकरच्या मामेभावासारखाच नाद मलाही आहे म्हणून तिकडचं खरं चित्र लिहितो कारण यूट्यूब बघून लोकांना वाटतं इथे कुठेही खणलं तरी चालतं.

इथे सगळा खेळ मालकाच्या परवानगीवर आहे. खाजगी शेत असेल आणि मालक हो म्हणाला तर बहुतेक ठिकाणी प्रश्न येत नाही, काय मिळालं तर कसं वाटायचं ते आधीच बोलून घ्यायचं. पण फेडरल जमिनीवर, म्हणजे नॅशनल पार्क वगैरे, १९७९ चा एक कायदा आहे, शंभर वर्षांवरच्या पुरातत्त्वीय वस्तूला परमिटशिवाय हात लावायचा नाही, लोकांना त्यात खरंच शिक्षा झाल्यात. राज्यांच्या पार्कांचे नियम प्रत्येकाचे वेगळे.

जागा शोधण्यातच निम्मी मजा. पहिल्या वसाहतवाल्यांची लाकडी घरं कधीच कुजून गेलेली असतात, राहतो तो दगडी तळघराचा खड्डा आणि एका कोपऱ्यात चिमणीच्या दगडांचा ढीग. जंगलात मधेच लायलॅकचं झुडूप किंवा सफरचंदाची म्हातारी झाडं रांगेत दिसली की समजायचं इथे अंगण होतं. मग दारापासून विहिरीपर्यंतची वाट, कपडे वाळत घालायची दोरी जिथे असेल ती जागा, मोठ्या झाडाची सावली, कारण खिशातून नाणं पडतं ते माणूस वाकतो, बसतो तिथे. १७९३ ते १८५७ पर्यंतचे मोठे तांब्याचे सेंट, कोटाची चपटी पितळी बटणं, घोड्याच्या सरंजामाचे बकल. स्पॅनिश चांदीचे तुकडे पण निघतात, तेव्हा इथे स्वतःची चांदी कमी होती म्हणून स्पॅनिश रियाल १८५७ पर्यंत कायदेशीर चलन म्हणून चालायचे, सुट्टे पाहिजेत तर नाणंच कापायचे.

पण एक सांगतो उजनीकर, इथे या जागा दोनशे-अडीचशे वर्षांच्या आणि एका कुटुंबाच्या, वर गवत खाली माती संपला विषय. भीमेकाठच्या गावठाणात एकाखाली एक किती थर असतील. माझ्या भावकीने मला असं मशीन फिरवायला बोलावलं असतं तर मी फिरवलं असतं का? माहीत नाही राव, हात शिवशिवले असते हे मात्र नक्की.

खापरी

बर्फातला_बाजीराव यांनी शेवटी जे लिहिलंय तेच मला म्हणायचंय, आणि मी जरा कडक बोलणार आहे, उजनीकर दादा रागावू नका. मी पुरातत्त्व शिकतेय, येरवड्याला डेक्कन कॉलेजात.

तुमचं जुनं गावठाण म्हणजे पांढरी. तिची माती राखाडी-पांढरट असते कारण ती शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती आणि हाडं-खापरं यांची बनलेली असते. नदीकाठच्या अशा पांढरीच्या टेकाडांतूनच आपल्याला इथली पहिली शेती करणारी माणसं कळली. तुमच्याच जिल्ह्यात शिरूरजवळ घोडनदीच्या काठी इनामगाव आहे, आमच्या कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं, इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० मधली वस्ती. घरांचे आराखडे, धान्याची पेवं, घराच्या जमिनीखाली रांजणात पुरलेली लहान मुलं, पाणी वळवायला केलेला बांध-कालवा. या सगळ्यात सोन्याचांदीचा हंडा शून्य. जे कळलं ते कुठली वस्तू कुठल्या थरात आणि कुणाच्या शेजारी होती यावरून कळलं.

उलटं उदाहरण दायमाबादचं. प्रवरेच्या काठी १९७४ ला एका माणसाला झुडपाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या, बैलगाडीसारखा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस, मिळून साठ किलोच्या वर वजन. जगात गाजल्या. पण त्या उत्खननात थरातून निघाल्या नाहीत म्हणून त्या नेमक्या कुठल्या काळातल्या यावर अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे. त्या माणसाचा काहीच दोष नाही, तो सरपण काढत होता. तुम्ही मात्र मुद्दाम मशीन घेऊन जाणार आहात. मशीन फक्त धातू दाखवतं, तुम्ही धातूपर्यंत पोचायला मधलं सगळं उपसणार, खापरं बाजूला फेकणार, आणि नंतर कोणी तिथे आलं तर त्याला नुसती भोकं मिळणार.

उजनीकर_हडपसर

ताई राग नाही पण वाईट वाटलं खरं. आमचं घर होतं ते. मोबदला किती मिळाला हे घरात आजही कोणी काढत नाही इतका तो विषय कडू आहे, आणि आता आमच्याच उंबऱ्यात उकरायला आम्हालाच परवानगी काढायची. बरं पाण्याखाली दरवर्षी लाटा लागून ती पांढरी धुपतेच आहे, मी स्वतः बघतोय जोत्याची पूर्वेकडची बाजू दरवर्षी थोडी थोडी ढासळते. मच्छीमारांची पोरं नाणी उचलतात आणि रस्त्यावरच्या टपरीवाल्याला देतात. डेक्कन कॉलेज येणार आहे का आमच्या गावात खणायला? मग कोणीच नाही घेतलं तर ते धरणाच्या गाळातच जाणार ना.

खापरी

हा मुद्दा तुमचा बरोबर आहे आणि याचं माझ्याकडे गोड उत्तर नाहीये. धरणातल्या सगळ्या गावठाणांचं हेच होतंय आणि सगळीकडे जायला माणसं, पैसे कोणाकडेच नाहीत.

पण मग निदान असं करा. खणू नका. लाटांनी धुऊन वर आलेलं जे आहे ते बघा, उचलायच्या आधी फोटो, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवून, मोबाईलचं लोकेशन ऑन ठेवून. वाड्याचा हाताने नकाशा काढा आणि वडिलांना तिथे उभं करून बोलतं करा, कुठली खोली, कुठला आड, कुंभारवाडा कुठे, वेस कुठे, रेकॉर्ड करा, कारण ते सांगणारी पिढी हीच शेवटची. खापरावर नक्षी किंवा रंग दिसला, चकचकीत काळं-तांबडं खापर दिसलं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे दिसले तर मला व्यनि (खाजगी मेसेज) करा, मी सरांना दाखवते. शिशाचं किंवा मिश्र धातूचं ओबडधोबड नाणं ज्यावर हत्ती किंवा झाडासारखं काही आहे, असं मिळालं तर ते सातवाहन असू शकतं, तेव्हा तर प्लीज पुढे काहीही उकरू नका.

डबल_कटिंग

खापरी ताईंनी सुट्टीचा सगळा प्रोजेक्टच लावून दिला. पण मशीनचं काय मग? विकत असशील तर सांग रे उजनीकर.

बीपबीप_भोसरी

मी मशीन वापरतो, रोजच्या रोज नाही पण बऱ्यापैकी. नाणी शोधायला नाही, लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधायला. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, गाडलेल्या पाइपलाइन शोधायला मशीन घेतलं आणि मग चाकण-राजगुरुनगर बाजूला नाव पसरलं. भुईमूग काढताना अंगठी गेली, उसात मंगळसूत्र तुटलं, असले फोन येतात. मागच्या सीझनला एका मावशींचं डोरलं हरभऱ्याच्या रानात पडलं होतं, अर्धा एकर, सगळं घर बांधावर बसून बघतंय आणि मला बिअरच्या बाटलीची बुचं, पत्र्याचे तुकडे, ट्रॅक्टरचा नटबोल्ट असं सगळं निघतंय, मावशी प्रत्येक आवाजाला उठून उभ्या राहायच्या. शेवटी पाटाच्या कडेला, जिथे त्या पाणी प्यायला वाकल्या होत्या, तिथे ढेकळाखाली मिळालं. बाजीराव म्हणतात ते खरंय, माणूस वाकतो तिथेच वस्तू पडते.

आता तुझ्या प्रश्नाची उत्तरं. मोबाईलचं अ‍ॅप विसर. फोनमध्ये जो सेन्सर असतो तो होकायंत्राचा, त्याला लोखंड कळतं, तांबं-चांदी-सोनं कळतच नाही. खिळा दाखवेल, शिवराई नाही. पुलावरून दोरीला लोहचुंबक बांधून नदीतली नाणी काढणारी पोरं बघितली असशील ना, आळंदीला, त्यांना हल्लीची स्टीलची नाणीच लागतात, जुनं तांबं चुंबकाला चिकटतच नाही, तीच गोष्ट.

खरं मशीन वेगळं चालतं. खालच्या चकतीत एक कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत करंट फिरतो, त्या करंटचं स्वतःचं क्षेत्र दुसरी कॉइल पकडते. तांबं-चांदी करंट चांगला वाहतात म्हणून मशीनच्या स्क्रीनवरचा आकडा वर जातो आणि आवाज गोल, भरीव येतो, खिळ्याचा तुटका-खरखरीत येतो. पण आपल्याकडची अडचण म्हणजे जमीन. सह्याद्रीचा काळा दगड आणि त्याचीच माती, त्यात मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकाला ओढणारं लोखंडाचं खनिज ठासून भरलेलं, त्यामुळे मशीन नुसतं बडबडत राहतं. युरोप-अमेरिकेत जे फूटभर खोल नाणं दाखवतं ते आपल्याकडे वीतभर मिळालं तरी खूप. त्यात पांढरीत भाजलेली माती, विटा, चुलीचे दगड, त्यांनीही आवाज येतो.

म्हणून पहिलं काम ग्राउंड बॅलन्स. जिथे धातू नाही अशी जागा बघायची, चकती जमिनीपासून वीतभर वर आणि परत खाली अशी हलवत राहायची आणि नॉब असा लावायचा की वर-खाली करताना आवाज बदलत नाही. सेन्सिटिव्हिटी फुल ठेवायची नाही, नवीन माणूस तेच करतो. आणि चकती जमिनीला समांतर, सावकाश, टोकाला वर उचलायची नाही. सिग्नल आला की नव्वद अंशात फिरून परत बघायचा, दोन्ही बाजूंनी तोच आकडा आला तर बघण्यासारखं आहे, एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने गायब होत असेल तर लोखंड. फसवणारं सगळ्यात वाईट म्हणजे मोठं लोखंड, नांगराचा फाळ, गाडीच्या चाकाची धाव, बैलाची पत्री, हे चांदीसारखा आकडा दाखवतात. चकती वर उचलत गेलास आणि हातभर उंचीवरही आवाज येत राहिला तर ते नाणं नाही.

खणण्याचं मी काही बोलत नाही, वर दोघांनी सांगितलंय. पण जोत्याच्या बाहेर, लाटांनी जी वाळू-खडे साचतात तिथे वरच्या वर फिरवून बघायला माझ्या मते हरकत नसावी, जलसंपदावाल्यांना विचारून.

आणि हो, कोणी सोन्यासाठी लाँग रेंज मशीन, अँटेना फिरवला की दोन किलोमीटरवरचं सोनं दाखवतं असं म्हणत आलं तर हाकलून दे. असलं काही नसतं. राइस पुलर वाले (तांदूळ ओढणारं जादूचं भांडं म्हणून लोकांना फसवणारे) आणि हे एकाच गल्लीतले.

तांब्याचा_पैसा

बीपबीप मस्त लिहिलंत.

काय मिळू शकतं त्याबद्दल दोन शब्द. उजनीकर, तुमच्या भागात वर वर मिळणारं बहुतेक ब्रिटिशांच्या काळातलं असेल. १८३५ चा कंपनीचा पाव आणा, दोन सिंह उभे असतात तो, १८६२ पासून राणीचा, १८७७ पासून तिच्या नावापुढे एम्प्रेस लागलं, मग एडवर्ड, जॉर्ज. १९४३ पासूनचा भोकाचा पैसा तर पोत्याने असेल, बायका तो गोफात ओवायच्या. त्याच्या मागे गेलात तर शिवराई. मूळ शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव, दुसरीकडे छत्र पति, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पण पेशवाईभर आणि कंपनी आल्यावरही शिवराई पडतच राहिली, ती बारीक, अक्षरं अर्धी बाहेर गेलेली, मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी, तीच गावोगाव जास्त मिळते. चांदीत पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया, त्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचं फारसीत आणि खूण अंकुशाची. त्याखाली निजामशाही-आदिलशाहीचे तांब्याचे फलूस, जाड आणि ठेंगणे, कचऱ्यासारखे दिसतात म्हणून लोक फेकून देतात.

घासू नका!! चिंच, लिंबू, मीठ, पावडर, ब्रश काही नाही. तांब्यावरचा हिरवट-काळा थर हाच त्याचा जीव, तो गेला की अक्षरंही जातात आणि किंमतही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, माती आपोआप सुटेल, सुटली नाही तर बांबूची काडी, सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवून वर जागा आणि तारीख लिहा.

दाखवायला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे सदाशिव पेठेत, डेक्कन कॉलेज आहेच. जुन्या बाजारात दाखवू नका, तिथे बुधवार-रविवारी जे पथारीवर असतं त्यातल्या शिवराया ओतीव असतात, कडेला साच्याची शीव दिसते, पृष्ठभाग रवाळ आणि दहाच्या दहा नाणी एकसारखी. हाताने पाडलेली दोन नाणी कधीच एकसारखी नसतात. आणि १८१८ सालचं राम-सीता किंवा हनुमान असलेलं कंपनीचं नाणं कोणी लाखात विकत असेल तर कंपनीने तसलं नाणं पाडलंच नव्हतं, देव्हाऱ्यात ठेवायला घ्यायचं तर पन्नास रुपयांत घ्या.

उजनीकर_हडपसर

सगळ्यांचे आभार. वडिलांना वाचून दाखवलं, त्यांना खापरी ताईंचं नकाशाचं पटलं, म्हणाले चल मी वेशीपासून सांगतो, आणि लगेच कागद मागितला. अर्धं गाव काढून झालंय आणि चुलत्यांशी फोनवर वाद चालू आहे मारुतीचं देऊळ वेशीच्या आत होतं का बाहेर.

मशीन तूर्त कपाटात. परवानगीचा अर्ज आधी करतो, धुऊन आलेल्या कडेला फिरवायचा, खणणार नाही असं लिहून. अर्ज नक्की कुणाला? तलाठ्याला की धरणवाल्यांना?

बीपबीप_भोसरी

जमीन धरणाची म्हणून जलसंपदाचं जे उपविभागीय ऑफिस असेल तिथे, प्रत तहसीलदारांना. पोच घे शिक्क्यासकट, नुसता साहेब हो म्हणाले यावर जाऊ नको. आणि त्या जागेत कोणी गाळपेर (पाणी उतरल्यावर गाळात केलेली पेरणी) केली असेल तर त्या शेतकऱ्यालाही विचार, तो पहिला ओरडणार, हरभरा-कलिंगड तुडवलंस तर.

अजून एक, पाण्याच्या कडेला जपून. वरून पापडी वाळलेली दिसते, भेगा पडलेल्या, आणि खाली मांडीएवढा गाळ असतो. एकटा जाऊ नको, वडिलांना तर जोत्याच्या खाली उतरवूच नको.

उजनीकर_हडपसर

ओके. शनिवारी जातोय गावाला, ऑफिस चालू असेल का?

डबल_कटिंग

शनिवारी सरकारी ऑफिस? सोमवारी जा, अकरानंतर. जेवायच्या सुट्टीच्या आधी पोच.

खापरी

आणि मारुती वेशीच्या आत का बाहेर ते कळलं की इथे लिहा.